साल, झोप आणि पुरावा

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात उन्हाळ कांद्याचा लिलाव चालू असताना जाणत्या व्यापाऱ्याचा हात ट्रॉलीतल्या वरच्या मालावर फार वेळ रेंगाळत नाही. तो खोल जातो, तळातला एखादा कांदा उपसून काढतो, अंगठ्याने त्याची पत्ती चोळतो आणि मान दाबून पाहतो. पत्ती घट्ट आहे की सुटली आणि आतला कोंब अजून निजलेला आहे की जागा झाला, या दोन गोष्टी त्याला जाणून घ्यावयाच्या असतात. आकार आणि रंग कोणाच्याही डोळ्यांना दिसतात. परंतु चैत्र-वैशाखात काढलेला कांदा चाळीत दिवाळीपर्यंत टिकेल किंवा कसे, हे बव्हंशी त्याच्या सालीवरून आणि त्याच्या झोपेवरून ठरते. १९४७ साली स्थापन झालेल्या या बाजार समितीत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या वावरल्या, त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

योगायोग असा की, साल आणि झोप हीच जोडी सांप्रत एका अगदी निराळ्या बाजारात माणसांच्या संदर्भात ऐकू येऊ लागली आहे. मोबाइलच्या पडद्यावर सुरकुत्या घालवणारे पेप्टाइड आणि गाढ झोप आणणारे पेप्टाइड यांच्या जाहिराती एकापाठोपाठ एक झळकतात. हा पडदा मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावातली शिक्षिका, पतपेढीतला कारकून, नाशिकला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, सर्वांच्याच हातात तो आहे. आणि वयापरत्वे दिसणाऱ्या चेहऱ्याची किंवा रात्री न लागणाऱ्या झोपेची चिंताही त्यांच्यापैकी अनेकांना आहे. अशा वेळी ‘पेप्टाइड’ हा शब्द मोठा विश्वासार्ह वाटतो. त्याला प्रयोगशाळेचा वास आहे, आणि तो उच्चारणाऱ्याला बुवाबाजीचा आरोप सहसा चिकटत नाही. म्हणूनच या एका शब्दाच्या छत्राखाली ज्या दोन वस्तू विकल्या जातात, त्यांची पारख निरनिराळी करणे अगत्याचे आहे. त्या दोहोंमागचा पुरावा सारखा नाही, त्यांचा शरीरात शिरण्याचा मार्ग सारखा नाही, आणि चूक झाल्यास भोगावी लागणारी किंमत तर मुळीच सारखी नाही.

पेप्टाइड म्हणजे काय, हे प्रथम पाहू. अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली गेली की जी आखूड साखळी तयार होते ती पेप्टाइड. साखळी पुरेशी लांबली की तिला प्रथिन म्हणतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द रूढ केला. साखळीत दोन-तीन दुवे असू शकतात किंवा पन्नासही असू शकतात. टोरांटो येथे १९२१ मध्ये सापडलेल्या इन्सुलिनमध्ये ५१ दुवे आहेत. मधुमेही माणूस असलेल्या किती तरी घरांत शीतकपाटाच्या दारातल्या कप्प्यात इन्सुलिनची कुपी असते. तेव्हा पेप्टाइड ही वस्तू आपल्याकडे काही परकी नाही, नाव तेवढे नवे आहे. ती कुपी गोळीच्या रूपात का मिळत नाही, या प्रश्नाच्या उत्तरातच पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली आहे. पोटाला औषध आणि डाळ यांतला फरक कळत नाही. जठर आणि आतडे यांतील पाचकरस डाळीच्या प्रथिनांप्रमाणेच इन्सुलिनचेही तुकडे करतात. अलीकडे मधुमेहावरचे एक पेप्टाइड गोळीतून देण्यात यश आले आहे. पण त्यासाठी शोषणास साहाय्य करणारा खास पदार्थ त्यात मिसळावा लागतो, आणि तरीही गोळीतल्या औषधाचा शंभरावा हिस्सादेखील रक्तात पोहोचत नाही.

आता त्वचेकडे वळू. त्वचेच्या पेप्टाइडांचा इतिहास सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात सुरू झालेला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगावयास हवे. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट या अमेरिकी संशोधकाने मानवी रक्तद्रवातून तीन दुव्यांचे एक पेप्टाइड वेगळे केले. ग्लायसिन, हिस्टिडीन आणि लायसिन अशी त्याची साखळी. यकृताच्या पेशींवरील प्रयोगांतून ते हाती लागले, आणि पुढे तांब्याशी त्याची घट्ट सोयरीक आहे असे आढळले. जखम भरून येण्याच्या क्रियेत अशा तांबेयुक्त पेप्टाइडाचा काही वाटा असावा, या कल्पनेतून ते मलमांत आले. दुसरे पेप्टाइड पाच दुव्यांचे. त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या पूर्वरूपातला तो एक तुकडा आहे. हा तुकडा पेशींना नवे कोलॅजेन बनवण्याची सूचना देतो, असे १९९३ मध्ये काचपात्रातल्या पेशींवर दिसून आले. तिसऱ्याची युक्ती आणखी निराळी: चेहऱ्याच्या स्नायूंना आकुंचनाचा संदेश पोचवणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनाची नक्कल करून तो संदेश मंद करावयाचा, म्हणजे कपाळावरच्या आठ्या कमी पडतील, असा त्याचा हेतू.

हेतू उत्तम, अडचण दाराशी आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांना सांधणाऱ्या स्निग्ध द्रव्याचा बनलेला असतो. बाहेरचे आत येऊ न देणे हेच त्याचे जन्मजात काम. २००० साली दोन डच संशोधकांनी एक सोयीचा नियम मांडला: ज्याचा रेणुभार ५०० डाल्टनच्या वर आहे, असा पदार्थ धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. पिकार्ट यांचे पेप्टाइड सुमारे ३४० डाल्टनचे आहे, म्हणजे वजनाच्या कसोटीला ते उतरते. तथापि ते पाण्यात विरघळणारे असल्याने स्निग्ध थरातून त्याचा प्रवास सोपा नाही. पाच दुव्यांच्या पेप्टाइडाला ही वाट सुकर व्हावी म्हणून एक मेदाम्ल जोडतात, आणि ते जोडताच त्याचा भार ८०० च्या वर जातो. एका दाराची किल्ली घडवताना दुसऱ्या दाराची उंची कमी पडावी, तशातला हा प्रकार आहे.

तरीही या पेप्टाइडांच्या बाजूने काहीच पुरावा नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मेदाम्ल जोडलेल्या पाच दुव्यांच्या पेप्टाइडाची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ९३ स्त्रिया, बारा आठवडे, चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडयुक्त मलम आणि दुसऱ्या बाजूला तेच मलम पेप्टाइडाविना, अशी तिची रचना होती. बारीक सुरकुत्यांत सौम्य पण मोजता येण्याजोगा फरक दिसला. मलमातले पेप्टाइडाचे प्रमाण होते दहा लाख भागांत तीन भाग. चाचणी करणारे शास्त्रज्ञ प्रसाधनांच्या कंपनीतले होते. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, परंतु स्वतंत्र हातांनी तो पुन्हा पडताळण्याची गरज वाढते. आठ्या कमी करणाऱ्या पेप्टाइडाचा जो निष्कर्ष जाहिरातींतून सर्वाधिक फिरतो, तो २००२ साली स्पेनमध्ये दहा स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा आहे. महिनाभरात सुरकुत्यांची खोली तीस टक्क्यांपर्यंत घटली, असा तो निष्कर्ष. ‘तीस टक्के’ हा आकडा जाहिरातीत राहिला आणि ‘दहा स्त्रिया’ हा आकडा गळून पडला. शिवाय त्या चाचणीत पेप्टाइडाच्या द्रावणाचे प्रमाण दहा टक्के होते. दुकानातल्या नळीत ते किती आहे, हे बहुधा नळीवर लिहिलेले नसते.

याच वर्गातला आणखी एक माल म्हणजे पाण्यात कालवून पिण्याची कोलॅजेनची भुकटी. गुरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांतील कोलॅजेनचे आधीच तुकडे करून ती तयार करतात. (शाकाहारी घरांत ती हौसेने आणली जाते तेव्हा तिच्या या कुळाची चौकशी होते की नाही, कोण जाणे!) २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा २३ चाचण्या आणि त्यांतील १,४७४ व्यक्ती यांचा एकत्रित विचार केला गेला. सर्व चाचण्या एकत्र घेतल्या तर त्वचेचा ओलावा, लवचिकपणा आणि सुरकुत्या यांत सुधारणा दिसे; परंतु औषधकंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर ती दिसेना, आणि काटेकोर रीतीने केलेल्या चाचण्यांतही ती दिसेना. एवढे एक वाक्य पुरेसे बोलके आहे.

थोडक्यात, चेहऱ्याला लावावयाच्या पेप्टाइडांचा हिशेब असा मांडता येईल: लाभ झाला तर थोडा, पुरावा तोकडा पण अस्तित्वात असलेला, धोका सहसा खाज किंवा लाली यांपुरता, आणि नुकसान मुख्यतः खिशाचे. कायदाही त्यांना प्रसाधन याच नजरेने पाहतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्रसाधनाची जी व्याख्या आहे तीत स्वच्छता, सौंदर्य, आकर्षकता आणि रूपात बदल एवढीच प्रयोजने येतात; रोग बरा करणे हे त्यांत नाही. पगारातून हजार-दोन हजार रुपये कोणी अशा मलमावर खर्च केले, तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नाही.

झोपेच्या पेप्टाइडाची कथा अधिक रम्य आहे आणि तिचा शेवट अधिक निराशेचा. निजलेल्या प्राण्याच्या रक्तात झोपेचा असा काही पदार्थ असतो काय, हा प्रश्न फार जुना. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मार्सेल मोनिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात त्याचा पाठपुरावा केला. सशाच्या मेंदूतील थॅलॅमस या भागाला विजेचे सौम्य झटके देऊन त्याला झोप आणावयाची, मेंदूकडून परतणारे रक्त गोळा करावयाचे, ते शुद्ध करीत जावयाचे आणि जाग्या सशाला देऊन पाहावयाचे. मेंदूच्या विद्युतलेखात गाढ झोपेच्या ज्या संथ लाटा उमटतात त्यांना डेल्टा लाटा म्हणतात. या अर्काने जाग्या सशात त्या लाटा वाढल्या, असे त्यांना दिसले. १९७७ मध्ये शोएनेनबर्गर आणि मोनिए यांनी त्या पदार्थाची नऊ दुव्यांची रचना जाहीर केली आणि त्याला ‘डेल्टा झोप आणणारे पेप्टाइड’ असे नाव दिले. नाव पक्के झाले. काम पक्के व्हावयाचे राहिले.

ऐंशीच्या दशकात निद्रानाशाच्या रुग्णांना हे पेप्टाइड शिरेवाटे देऊन पाहण्यात आले. आरंभीचे काही अहवाल उत्साहवर्धक होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सोळा जुनाट रुग्णांना औषध आणि खोटे औषध देण्यात आले. कोणाला काय मिळत आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक नव्हते. तीत झोपेवर झालेला परिणाम इतका क्षीण निघाला की, उपचार म्हणून त्याची मातब्बरी संशोधकांना वाटली नाही. रक्तात ते काही मिनिटांतच विघटित होते. त्याहून मूलगामी अडचण अशी की, शरीर स्वतः जे पेप्टाइड बनवते त्याचा आराखडा कोणत्या तरी जनुकात असावा लागतो आणि ते जिथे काम करते तिथे त्याला ओळखणारा ग्राही असावा लागतो. या पेप्टाइडाचा जनुक सापडला नाही, ग्राहीही सापडला नाही. २००६ मध्ये दोन रशियन संशोधकांनी या विषयाचा आढावा घेताना त्याला न सुटलेले कोडे म्हटले. जे नावानिशी झोपेचे म्हणून विकले जाते, ते मानवी शरीरात झोपेसाठी आहे की नाही हेच सिद्ध व्हावयाचे आहे! त्याच्या जोडीने विकल्या जाणाऱ्या चार दुव्यांच्या एका रशियन पेप्टाइडाची गोष्टही फारशी वेगळी नाही. त्यावरचे बहुतेक काम एकाच संशोधनगटाचे आहे.

गमतीचा भाग असा की, झोपेशी ज्याचा संबंध निर्विवाद ठरला ते पेप्टाइड झोपेचे नसून जागेपणाचे आहे. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी मेंदूत ओरेक्सिन नावाची पेप्टाइडे शोधली. ज्या माणसांच्या मेंदूतून ती बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात, त्यांना दिवसाढवळ्या अनावर झोप कोसळते. मग औषधशास्त्रज्ञांनी पेप्टाइड टोचण्याचा नाद सोडून त्याची वाट अडवणारे लहान रेणू तयार केले. ते पोटात टिकतात, मेंदूत पोचतात आणि गोळीतून देता येतात. अमेरिकेत त्यांपैकी पहिल्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्या गोळ्यांचेही दुष्परिणाम आहेत आणि त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यावयाच्या नाहीत; मुद्दा एवढाच की, पेप्टाइडाचे ज्ञान खरोखर उपयोगी पडले तिथे उपाय म्हणून पेप्टाइड दिले गेले नाही.

आता दोन्ही वस्तू शेजारी ठेवून पाहाव्यात. आठ्यांचे पेप्टाइड सुमारे ८९० डाल्टनचे, झोपेचे सुमारे ८५० डाल्टनचे. वजनाने जवळजवळ भावंडे. पहिले चेहऱ्यावर चोळले जाते, आणि ते आत गेलेच नाही तर फार तर काही होत नाही. दुसरे चोळून किंवा गिळून भागत नाही, म्हणून ते टोचून घ्यावयास सांगितले जाते. इथे सगळा प्रश्नच बदलतो. त्वचेचा जो थर मलमाला अडवतो, तोच जंतूंना आणि अशुद्ध द्रव्यांनाही अडवत असतो. सुई त्याला वळसा घालून जाते. भुकटीच्या कुपीत नऊ दुव्यांची साखळी पूर्ण आहे की आठावर तुटलेली, तीत दुसरे काय मिसळले आहे, ती वाटेत किती तापली, घरच्या घरी पाणी घालून विरघळवताना जंतू शिरले काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर टोचून घेणाऱ्याजवळ नसते. परक्या पेप्टाइडाविरुद्ध शरीर प्रतिकारद्रव्ये बनवू शकते, ही भीती वेगळीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये औषधे मिसळून देणाऱ्या दुकानांसाठी ज्या पदार्थांबाबत सुरक्षिततेची गंभीर शंका आहे त्यांची यादी केली, तेव्हा तीत हे झोपेचे पेप्टाइड होते. पिकार्ट यांचे तांबेयुक्त पेप्टाइडही त्या यादीत होते, पण केवळ टोचून घेण्याच्या रूपात. एकच पदार्थ, बोटाने लावला तर प्रसाधन, सुईने टोचला तर शंकास्पद. मार्गाला किती महत्त्व आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

आपल्या देशात कोणतेही नवे औषध विकावयाचे तर २०१९ च्या नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार परवानगी लागते. ही अडचण चुकवण्याची जगभरची ठरलेली रीत म्हणजे कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नव्हे’ अशी बारीक अक्षरांतली ओळ छापावयाची आणि जाहिरातीत मात्र मात्रा, वेळ आणि सुईचा क्रमांक सांगावयाचा. रात्री तीनपर्यंत डोळा न लागलेल्या परीक्षार्थीला ती ओळ दिसेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याच्या निद्रानाशावर २०१६ मध्ये अमेरिकी वैद्यकांच्या प्रमुख संघटनेने पहिला उपाय म्हणून जो सुचवला, तो म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार पद्धतशीर बदलण्याचा उपचार. त्यात कुपी नाही म्हणून त्याला जाहिरातदारही नाही. त्वचेच्या बाबतीतही असेच. ऑस्ट्रेलियात ९०३ माणसांची साडेचार वर्षे पाहणी करून २०१३ मध्ये असे दाखवण्यात आले की, रोज उन्हापासून संरक्षण देणारे मलम लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा कमी म्हातारी दिसू लागली. निफाड तालुक्यात एप्रिलच्या उन्हात कांदा काढणाऱ्या बाया डोक्यावरून पदर-रुमाल ओढून तोंड झाकून घेतात, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

निफाडचे नाव निघालेच आहे, तर पुन्हा कांद्याकडे वळावयास हरकत नाही. कारण झोप लांबवण्याचा एक अस्सल वैज्ञानिक प्रयोग लासलगावातच झालेला आहे. कांद्याला साल आणि झोप दोन्ही आहेत, हे वर आले. त्यात पेप्टाइडेही आहेत! फिनलंडचे नोबेल पारितोषिकविजेते रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी साठच्या दशकाच्या आरंभी कांद्यातून अशी अनेक गंधकयुक्त पेप्टाइडे वेगळी केली. परंतु ती कांद्याला निजवतही नाहीत आणि त्याची साल राखतही नाहीत. ती नत्र आणि गंधक यांची शिदोरी आहे. कोंब फुटू लागला की विकरे ती फोडून वापरास काढतात. लाल कांद्याची साल काळ्या डागांच्या बुरशीला दाद देत नाही, याचे कारण सालीतले फिनॉल वर्गातले पदार्थ आहेत, हे १९२९ पासून ठाऊक आहे. पांढऱ्या कांद्यात त्यांचा अभाव असल्याने तो त्या रोगाला लवकर बळी पडतो. झोपेचे नियंत्रण वनस्पतींच्या संप्रेरकांकडे असते. तेव्हा कोणी उद्या कांद्यातल्या पेप्टाइडांच्या नावाने त्वचेचे किंवा झोपेचे औषध विकू लागला, तर त्याला प्रथम कांद्याचीच साक्ष काढावयास सांगावे.

पावसाळ्यात चाळीतल्या कांद्याची झोप मोडते आणि कोंब आलेला माल मातीमोल होतो, ही इथल्या शेतकऱ्याची जुनी व्यथा. काढणीनंतर थोड्या आठवड्यांत कांद्याला गॅमा किरणांची अल्प मात्रा, शंभर ग्रेहूनही कमी, दिली तर कोंबाच्या टोकाच्या पेशींचे विभाजन थांबते आणि कोंब फुटत नाही. (सड आणि वजनातली घट मात्र त्याने थांबत नाही, त्यासाठी चांगली चाळच हवी.) तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अन्नावरील किरणप्रक्रियेचे काम अनेक वर्षे चालू होते. पण किरण दिलेले अन्न माणसाने खावे काय, हा प्रश्न सोपा नव्हता, आणि तो सोपा मानलाही गेला नाही. १९७५ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी कुपोषित मुलांना किरण दिलेला ताजा गहू खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तपेशींत गुणसूत्रांची असाधारण वाढ दिसते, असे जाहीर केले. बातमी जगभर गेली. तुर्भ्याच्या संशोधकांना असे काही आढळले नव्हते. दोन सरकारी संस्था परस्परविरोधी बोलू लागल्या, तेव्हा सरकारने दोन्हींकडील मूळ माहिती तपासण्याचे काम दोन तज्ज्ञांकडे दिले. त्यांपैकी एक जननशास्त्रज्ञ पी. सी. केशवन आणि दुसरे सातारा जिल्ह्यातून निघून जागतिक अन्न व कृषी संघटनेपर्यंत पोचलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे. १९७६ च्या त्यांच्या अहवालाने हैदराबादच्या निष्कर्षाला ती माहिती पुरेसा आधार देत नाही, असा निर्वाळा दिला. प्रत्येक गटात मुले होती पाच, आणि प्रत्येक मुलाच्या मोजलेल्या पेशी होत्या शंभर. इतक्या विरळ घटनेविषयी बोलावयास हे आकडे अपुरे होते.

पाच मुलांवरून विष ठरवता येत नाही. मग दहा स्त्रियांवरून किंवा मूठभर रुग्णांवरून अमृत तरी कसे ठरवावे? वैज्ञानिक शिस्त दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडते. किरणप्रक्रियेच्या बाबतीत ती लागू केली गेली, म्हणून वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठराविक मर्यादेपर्यंत किरण दिलेले अन्न निर्धोक असल्याचे १९८० मध्ये सांगितले. भारतात कांदा, बटाटा आणि मसाले यांवर या प्रक्रियेस परवानगी मिळाली ती १९९४ मध्ये. लासलगावी ‘कृषक’ हे केंद्र उभे राहिले २००२ मध्ये. पाच वर्षांनी, २००७ च्या एप्रिलमध्ये, जवळजवळ दोन दशकांच्या खंडानंतर भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेला गेला तो याच केंद्रातून किरणे घेऊन, त्यामुळे त्याचे नाव अधिक झाले ते आंब्यामुळे. कांद्याच्या शेतकऱ्याला या केंद्राचा किती लाभ झाला, हा वादाचा विषय आहे. किरण देण्याचा आणि त्यानंतर माल राखण्याचा खर्च भावातून निघतो की नाही, याचे उत्तर दरवर्षी बदलते. परंतु त्यासाठी पुराव्याची जी लांबलचक वाट तुडवली गेली, तिच्याविषयी वाद नाही. भाजीतल्या कांद्याची झोप दोन-तीन महिने लांबवावयाची, तर हैदराबाद, तुर्भे, जिनिव्हा आणि दिल्ली येथे पाव शतक कागद फिरले. माणसाची झोप लांबवण्याचा दावा करणारी कुपी कुरियरने तीन दिवसांत घरी येते.

किरण दिलेल्या मालाच्या पिशवीवर काय छापावे, हेही नियमांत सांगितलेले आहे. प्रक्रियेचे हिरवे चिन्ह, किरण दिले असल्याचा स्पष्ट उल्लेख, तारीख, केंद्राचा परवाना क्रमांक आणि प्रक्रियेचा उद्देश.